येते हं

१

माझी बायको कुंदा कुणाच्याही घरून एका दमात निघाली, असं चौतीस वर्षांत एकदाही झालं नाही. मी चपला घालून फाटकापाशी उभा, रिक्षावाला भोंगा वाजवतोय, आणि ही अजून दारात. आधी घरच्या बाईला "येते हं", मग तिच्या सासूला, मग आतल्या खोलीत अभ्यास करणाऱ्या पोराला हाक मारून त्याला, आणि अंगणात गाय बांधलेली असली तर गाईलासुद्धा. माझं डोकं फिरायचं. मी मोजणी खात्यात भूकरमापक होतो. सरळ रेषेत जायचं, काम करायचं, परत यायचं, एवढंच मला कळतं. मी चिडून काही बोललो की ती हसायची आणि मुद्दाम आणखी एकदा वळून "येते हं" म्हणायची.

"जाते" हा शब्द मात्र तिच्या तोंडून कधी निघाला नाही. तसं आपल्यात कुणीच म्हणत नाही, निघताना येतोच म्हणायचं असतं. पण कुंदाचं त्याच्याही पलीकडचं होतं. आमची शाल्मली पाच वर्षांची असताना शाळेत निघताना "आई, जाते" म्हणाली, तर हिनं तिला अर्ध्या गल्लीतून परत आणलं, पाटावर बसवलं, हातावर साखर ठेवली आणि "येते" म्हणवून घेतल्यावरच सोडलं. त्या दिवशी पोरीला शाळेत उशिरा आल्याबद्दल उभं राहावं लागलं. मी त्यावरून कुंदाला बरंच बोललो होतो.

दरवर्षी महालक्ष्म्या उठल्या की आठवड्याभरात आम्ही यवतमाळहून फुलसावंगीची एसटी धरायचो. गावामागे तांडा, तांड्यामागे अंगावर येणारा चढ, आणि वर पठार. ज्वालामुखीचा काळा दगड, थरावर थर बसलेला. उन्हाळ्यात त्यावर पाय ठेववत नाही. भाद्रपदात त्याच दगडाच्या खळग्यांत पाणी साचतं, बोटभर माती धरते आणि त्यात तेरडा, केना, कवळा, निळ्या-जांभळ्या गवती फुलांची नुसती गर्दी होते. आमच्या दप्तरात त्या जमिनीची नोंद पोटखराब, म्हणजे लागवडीला निकामी, अशी आहे. कुंदा शाळेत विज्ञान शिकवायची. ती म्हणायची, जिल्ह्यातली सगळ्यात देखणी जागा तुमच्या खात्यानं खराब म्हणून लिहून ठेवली.

वर न्यायला तांड्यावरचा भीमसिंग असायचा. मोठा गप्पिष्ट माणूस. पण उतरायची वेळ झाली की त्याच्या तोंडाला कुलूप लागायचं. कड्याशी आलो की तो कुंदाला पुढे घालायचा, स्वतः मागे राहायचा, पठाराकडे तोंड करायचा आणि खणखणीत आवाजात "जातो" म्हणायचा. कुंदाला ते लागायचं. असं अभद्र बोलू नये भाऊ, असं ती दरवर्षी सांगायची. तो म्हणायचा, वर असंच म्हना लागते बाई. त्याहून जास्त तो बोलला नाही आणि आम्हीही खोदून विचारलं नाही.

२

दोन हजार सहा साल. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात पांढऱ्या जीपा फिरत होत्या. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची चौकशी करायला कमिट्या यायच्या, पेपरवाले यायचे, शेताच्या बांधावर उभे राहून फोटो काढायचे. एसटीत आम्हाला दोघांनी विचारलं, तुम्ही कमिटीचे का. कुंदानं फुलांची वही पिशवीत तळाशी घातली. तिला त्या वर्षी यायचंच नव्हतं. गावागावात लोकांच्या घरी सुतक आहे आणि आपण फुलं बघत फिरायचं, ते बरं दिसत नाही, असं ती म्हणत होती. गुडघेही दुखत होते. मीच हट्ट धरला. नऊ वर्षांत एकदाही चुकलं नाही, मग आताच काहून, म्हणालो.

तांड्यावर भीमसिंग नव्हता. गावात कमिटी येणार म्हणून सरपंचानं सगळ्यांना सकाळपासून शाळेच्या पटांगणात बसवून ठेवलं होतं. त्याची बायको लालीबाई दारात मुगाच्या शेंगा सोलत होती. तिनं बसा म्हटलं, दुपारपर्यंत तो येईल. मी घड्याळ पाहिलं. परतीची बस चारची होती आणि वाट मला पाठ होती, म्हणून आम्ही दोघंच जाऊ असं मी सांगितलं. लालीबाईनं शेंगा बाजूला ठेवल्या आणि कुंदाला म्हणाली, "उतरताना काही बोलू नका बाई. बोललाच तं जातो म्हना." कुंदानं मान हलवली. कुणी उपासाचा नवा नियम सांगितला की हलवतो तशी.

वर ऊन छान पडलं होतं. कुंदा दोन तास वाकून वाकून फुलं बघत राहिली. वही बाहेर निघाली, तिला दोन नवी नावं मिळाली, लोकांचं दुःखही ती थोडा वेळ विसरली. मी डबा उघडला, पोळी आणि कारल्याची भाजी खाल्ली आणि दगडावर आडवा झालो. दोन वाजता निघालो.

कड्यापाशी ती थांबली. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, पुढल्या वर्षी काही जमेल असं वाटत नाही हो. मला ते ऐकायचं नव्हतं. तिचं वय झालं, माझं झालं, हे मला कुणी तोंडावर सांगितलेलं आवडत नाही. म्हणून मी थट्टेवर नेलं. जगाचा निरोप घेत फिरतेस आणि ह्या बिचाऱ्या पठाराचाच घेत नाहीस होय, असं मी म्हणालो. हे मीच म्हणालो.

ती हसली, वळली आणि हात वर करून म्हणाली, "येते हं."

"ये."

आवाज मोठा नव्हता. आतल्या खोलीत कुणी काम करत बसलेलं असावं आणि मान वर न करता म्हणावं, तसा. कुंदानं ऐकलं आणि सवयीनं पुन्हा हसली. मी म्हणालो, प्रतिध्वनी आहे. उतरणीवर निम्म्यात आल्यावर माझं मलाच पटेना. प्रतिध्वनीत शब्दाचं शेपूट परत येतं. "येते हं"चं यायचं तर "हं" आलं असतं. शिवाय आवाज आपटून परत यायला समोर काहीतरी उभं लागतं आणि तिथे तर आडवं पठार होतं. मग मी म्हणालो, गुराखी असेल. कुंदा म्हणाली, गुराखी कसा, बाईमाणूस होतं. मी तिच्यावर खेकसलो की पाय उचल, बस चुकेल.

३

घरी कुणी हाक मारली की बाईमाणूस "आले" म्हणतं. अजून जागचं हललेलंही नसतं, तरी आले.

परतल्यावर चौथ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर पेपर वाचत होतो आणि आतून कुंदा म्हणाली, "आले." मी हाक मारली नव्हती. शेजारणीनं मारली असेल म्हणून मी पान उलटलं. पाच मिनिटांनी पुन्हा "आले, आले", जरा घाईनं. आत जाऊन पाहिलं तर ती कणीक मळत होती आणि मान वळवून भिंतीकडे बघत होती. भिंतीवर काहीही नव्हतं. विचारलं, तर म्हणाली, तुम्हीच तर बोलावलंत. मी नाही म्हणालो. मग कुणी, असं तिनं मलाच विचारलं आणि पुन्हा कणकेला लागली.

एकसष्ट वर्षांची बाई. कान, म्हटलं. कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, हिचे कान तुमच्यापेक्षा चांगले आहेत. पुण्याला शाल्मलीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, तुम्ही जन्मभर आईला हाका मारत आलात, आता ती न मारताच ओ देते. ती हसली, मीही हसलो. पण फोन ठेवल्यावर मी एक वही घेतली आणि वेळा लिहायला लागलो. पहिल्या दिवशी चार. दहाव्या दिवशी तेवीस. सगळं दिवसाउजेडी. दिवेलागणी झाली की थांबायचं आणि सकाळी ऊन अंगणात आलं की पुन्हा सुरू.

मग ती उठायला लागली. गॅस बंद करायची, हात पुसायची, पदर नीट करायची आणि दारापर्यंत यायची. दारात आल्यावर तिला आठवायचं नाही की आपण कशाला उठलो. पहिल्यांदा आम्ही दोघं हसलो. तिसऱ्या वेळी ती फाटकाच्या कडीला हात घालून उभी होती. त्या दिवसापासून मी फाटकाला कुलूप लावायला लागलो. शेजारचे विचारायचे, दिवसाढवळ्या कुलूप कायले साहेब. कुत्री येतात, म्हणायचो. खरं सांगायचं तर मला धडकी भरली होती. ही बाई एक दिवस माझ्या डोळ्यांदेखत निघून जाईल, असं मला वाटायला लागलं होतं.

४

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. स्वयंपाकघरात असो, न्हाणीपाशी असो, तुळशीपाशी असो, "आले" म्हणताना ती एकाच दिशेला बघायची. मी ट्रंकेतून जुनं होकायंत्र काढलं. दक्षिण, थोडी पश्चिमेकडे सरकलेली. लिहून ठेवलं. त्यानं काही सिद्ध होत नव्हतं. त्या बाजूला वीस घरं होती आणि पुढे अख्खा तालुका.

पितृपक्षात वणीला तिच्या भावाकडे वडिलांचं श्राद्ध होतं. मला बरंच वाटलं. जागा बदलली की डोक्यातलं खूळ जाईल, माणसांत जीव रमेल. पंगत बसली होती. बाहेरच्या रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जात होते आणि पेल्यातलं पाणी हलत होतं. कुंदा खीर वाढत माझ्यापर्यंत आली, तिचा हात तसाच राहिला आणि ती म्हणाली, "आले."

ती दक्षिणेला वळली नव्हती, ती पश्चिमेला वळली होती. मी हात धुवायच्या निमित्तानं उठलो, अंगणात जाऊन खिशातलं होकायंत्र काढलं आणि अंश घेतले. पान तसंच अर्धवट राहिलं. मेहुण्याला ते लागलं.

घरी आल्यावर जिल्ह्याचा नकाशा पसरला. आयुष्यभर हेच काम केलं. एका खुणेकडे दोन ठिकाणांहून बघायचं, दोन रेषा ओढायच्या, त्या जिथे एकमेकींना कापतात तिथे खूण. यवतमाळहून एक रेषा ओढली. वणीहून दुसरी ओढायला घेतली आणि ती निम्म्यात असतानाच मला कळलं की ती कुठे जाऊन थांबणार. मी दोन्ही रेषा खोडल्या आणि पुन्हा काढल्या. आपली मोजणी चुकलेली निघावी, असं मला नोकरीत कधी वाटलं नव्हतं. ती चुकली नव्हती. फुलसावंगीच्या मागच्या त्या पठारावर पेन्सिलीचं टोक टेकलं होतं.

५

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी तिला घेऊन निघालो. तिला एकटी ठेवायची माझी हिंमत नव्हती. गाडीत ती खुशीत होती. तासभर खिडकीतून कपाशीची शेतं बघत राहिली. पानं लाल पडली होती आणि बोंडं धरली नव्हती. एरवी तिनं हळहळ केली असती.

तांड्यावर भीमसिंग घरीच होता. त्यानं कुंदाकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसला. मी असाले पाह्यजे होतो, एवढंच म्हणाला. कुंदा अंगणात जाऊन चढाकडे तोंड करून उभी राहिली होती. लालीबाईनं मला चुलीपाशी नेलं.

"बाई येते म्हनली ना वर?"

मी हो म्हणालो.

"आता थे वाट पाहून राह्यलं. तिनंच वर जाऊन जाते म्हनलं पाह्यजे. तुमी म्हनून चालत नाही."

"कोण वाट बघतंय?"

"मले कायले इचारता साहेब? ये म्हनलेलं तुमीच त आयकलं."

ते मी तिला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. विचारायला तोंड उघडलं, पण तोवर भीमसिंगनं अंगणातून हाक दिली की बाई चालू लागली.

६

चढावर ती माझ्यापुढे होती. गुडघे दुखत असल्याची काही खूण नव्हती. मीच धापा टाकत होतो. भीमसिंग कड्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. वर फुलं सरली होती. गवत पिवळं पडायला लागलं होतं आणि खळग्यांतलं पाणी आटून मातीवर भेगा गेल्या होत्या. बाराचं ऊन होतं, सावली म्हणून कुठे नव्हती. त्या पठारावर दीड कोसात ना झोपडी, ना गोठा, ना पडकी भिंत. मी स्वतः ते मोजलेलं आहे.

मी तिला हाताला धरून थांबवलं आणि सांगितलं, इथे उभी राहा आणि जाते म्हण.

ती म्हणाली, काहीतरीच काय. मी समजावून सांगितलं. सगळं सांगितलं, होकायंत्र, नकाशा, लालीबाई. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती, चुलीवर दूध ठेवून बोलत असलेली बाई बघते तशी. मग मी रागावलो. साधा एक शब्द आहे, तोंड झिजणार आहे का तुझं, म्हणालो. ती म्हणाली, भरल्या संसारात जाते कशी म्हणू हो? मी तिचा दंड हलवला. तिला दुखलं असणार. आणि मग मला रडू आलं. चौतीस वर्षांत तिनं मला रडताना पाहिलं नव्हतं. मी तिथे उन्हात उभा राहून लहान पोरासारखा हुंदके देत होतो आणि म्हणत होतो, एकदा म्हण, कुंदा, माझ्यासाठी म्हण.

तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिचं सगळं लक्ष माझ्याकडे होतं. तिनं पदरानं माझे डोळे पुसले. माझी कुंदा. मला वाटलं, सुटलो.

"बरं, म्हणते," ती म्हणाली. "तुमच्यासाठी म्हणते. रडू नका."

तिनं माझ्या सदऱ्याची कॉलर सारखी केली. आणि माझ्या डोळ्यांत बघत, अगदी मायेनं, म्हणाली, "जाते हं."

मला समजायला वेळ लागला. मी हसलोसुद्धा असेन. तिनं शब्द म्हटला होता, मी जिंकलो होतो. मग लक्षात आलं की तो शब्द तिनं मला म्हटला. मी रडून, ओरडून, दंड धरून तो तिच्याकडून काढून घेतला, आणि तेव्हा तिच्यासमोर माझ्याशिवाय दुसरं कुणीच नव्हतं.

ती वळली आणि चालू लागली. मी हाक मारली. तिनं ओ दिली नाही. दहा-बारा पावलांवर ती थांबली, मोकळ्या दगडावर, आणि पायांतल्या चपला काढल्या. एकीशेजारी एक नीट लावल्या. मग ठेंगण्या दारातून आत शिरताना वाकतो तशी मान वाकवली आणि एक पाय उंच उचलून पुढे टाकला. तिला वाट द्यायला आतलं कुणीतरी जरा बाजूला सरकलं. मी एवढंच पाहिलं. लुगड्याचा काठ होता की सावली होती, मला शपथेवर सांगता यायचं नाही. त्यानंतर तिथे ऊन होतं आणि दगड होता.

कड्यावरून भीमसिंग ओरडत होता की साहेब, जातो म्हना अन् उतरा. मी चपलांपाशी गेलो. पुढे हात फिरवला, काही लागलं नाही. मग मी म्हणालो, "येतो." थांबलो. घसा साफ केला, परक्याच्या दारात म्हणतो तसं अदबीनं पुन्हा म्हणालो, "येतो मी." ऐकायला कान लावले. अगदी जवळ दोन बायका हलक्या आवाजात बोलत होत्या आणि त्यातली एक कुंदा होती. काय बोलतात ते कळत नव्हतं. मधेच ती हसली.

मी ऊन कलेपर्यंत तिथे उभा राहिलो, आणखी कितीदा म्हणालो ते आठवत नाही. मला कुणी या म्हटलं नाही.